नव्या कपाटाला जुनी कीड

तर मंडळी, आधी गुन्ह्याची पद्धत ऐका. चांगलं नवंकोरं लाकडी कपाट घ्यायचं. त्याला दुधाळ रंगाचे दोन हात द्यायचे. रंग वाळला की सँडपेपर घेऊन कडांवरचा, कोपऱ्यांवरचा आणि मुठीभोवतीचा रंग खरवडून काढायचा. मग सायकलच्या साखळीने कपाटाला चार फटके. मग टोच्याने बारीक बारीक भोकं. भोकांत, खाचांत काळपट मेण. एवढा छळ झाला की कपाट दुकानात उभं करायचं आणि धडधाकट कपाटाहून जास्त किंमत सांगायची. गिऱ्हाईक ती देतं! आनंदाने देतं, आणि घरी नेऊन चारचौघांत मिरवतं, "फ्रेंच कंट्री आहे, बरं का!"

ओरखडा पडला म्हणून मुलांनी मार खाल्ला असे दिवस आपण पाहिले. आता ओरखड्याचे पैसे पडतात.

हे खूळ अमेरिकेत आणि इंग्लंडात चांगलंच मुरलेलं आहे. १९८९ मध्ये रेचल अ‍ॅशवेल या बाईंनी कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिकात 'शॅबी चिक' नावाचं दुकान थाटलं. म्हणजे दळभद्री पण झोकदार! नावातच कबुलीजबाब, आणि तरी लोक रांगा लावून आत. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये अ‍ॅनी स्लोन यांनी 'चॉक पेंट' बाजारात आणला. हा रंग लावायला आधी लाकूड घासायला नको, अस्तर नको, तो थेट लाकडावर बसतो. आणि वर गडद मेण चोळलं की कालचं टेबल आजीच्या वयाचं दिसायला लागतं. डब्यांवरची नावं काय, विचारा. प्रोव्हान्स. व्हर्साय. आर्ल. लुई ब्लू. इंग्लंडच्या दुकानात उभं राहून फ्रान्सचा अख्खा नकाशा डब्यात भरून घरी न्यायची सोय झाली.

कीड मात्र डब्यात मिळत नाही, ती पाडावी लागते. आता या भोकांचंही एक शास्त्र आहे, आणि जुन्या वस्तूंच्या बाजारातली पोचलेली गिऱ्हाइकं ते कोळून प्यालेली असतात. लाकूड पोखरणारा किडा अळी असेपर्यंत आतच असतो. मोठा होऊन भुंगा झाला की बाहेर पडताना एक गोल भोक ठेवून जातो. म्हणजे आपल्याला दिसतं ते त्याच्या निघून जायचं दार. आत त्याने केलेले बोगदे वेडेवाकडे असतात. म्हणून भोकात टाचणी घालून बघायचं: थोडं आत जाऊन अडली तर किडा खरा, सरळ घुसली तर ड्रिलवाला खरा. आणि पृष्ठभागावर बोगदा उघडा, चरासारखा आडवा दिसला तर समजायचं की लाकूड आधी किडलं आणि मग कापलं. म्हणजे कोणीतरी जुन्या फळ्या आणून नवीन टेबल ठोकलंय. फर्निचर घ्यायला जाताना पर्समध्ये टाचणी ठेवणारी माणसं जगात आहेत. असो.

पण ज्यांच्या नावाने हा 'फ्रेंच कंट्री'चा बाजार भरलाय, त्या फ्रान्सच्या खेड्यांतल्या मूळ घरांत होतं तरी काय?

चला प्रोव्हान्सला, फ्रान्सच्या दक्षिण-पूर्व कोपऱ्यात. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातलं खाऊनपिऊन सुखी शेतघर. स्वयंपाकघरात जमिनीवर काय उभं आहे? 'पेत्रँ'. हे नाव ऐकून अमेरिकेतल्या गृहिणींचे डोळे मिटतात. आपण डोळे उघडून बघितलं तर ती काथवट निघते. पाय लावलेली, झाकण असलेली, अक्रोडाच्या लाकडाची, बाजूंनी नक्षी कोरलेली, पण काम तेच, कणीक मळायचं. पाव रोज भाजत नसत. एकदाच पुष्कळ दिवसांचा भाजून ठेवत. म्हणून काथवटीच्या वर भिंतीवर लटकायची 'पानतिएर': कातीव दांड्यांचा एक देखणा पिंजरा, आत पाव. दांड्यांमधून वारा खेळतो म्हणून पावाला बुरशी लवकर धरत नाही, आणि भिंतीवर टांगलाय म्हणून उंदरांचा हात पोचत नाही. पिंजऱ्याला छोटं दार, आणि पुष्कळदा दाराला कुलूप. उंदीर किल्ली वापरत नाही, तेव्हा कुलूप घरातल्या कोणासाठी होतं ते तुम्हीच ओळखा. सासूबाईंना विचारायची माझी छाती नाही.

या प्रोव्हान्सवाल्यांना भिंत मोकळी दिसलेली खपत नसे. मिठाची पेटी भिंतीवर. पिठाची पेटी भिंतीवर. मासळी तळण्याआधी पिठात घोळवायची, त्यासाठी ती हाताशी हवी. पेले ठेवायची फडताळी भिंतीवर, कथलाच्या ताटल्यांची फडताळी भिंतीवर. आणि प्रत्येकीला झालर, कमान, फूल, पान. जेवढी पेटी छोटी तेवढा सुतार जास्त चेकाळलेला. खाली बसायला 'राडासिए' नावाचा लांबलचक बाक, तीन-चार जण शेजारी शेजारी बसतील असा, बैठक गवताने विणलेली. पाठ टेकून दुपारी गप्पा छाटायला याहून उत्तम साधन मी पाहिलेलं नाही. मऊ म्हणाल तर अजिबात नाही, पण सरकून घेऊन पाचव्याला जागा करता येते.

आता हेच सामान आजच्या बंगल्यात काय करतं? काथवट सोफ्याच्या बाजूला, आत रिमोट आणि फोटोंचे अल्बम. पावाचा पिंजरा न्हाणीघरात, आत गुंडाळलेले टॉवेल. मिठाच्या पेटीत चार्जर. आणि पाव? प्लॅस्टिकच्या पिशवीत, फ्रिजवर. मला विचाराल तर खरी चोरी ही.

बरं, तुम्ही म्हणाल, बिचाऱ्या साध्याभोळ्या शेतकऱ्याच्या वस्तूंची ही काय विटंबना! तर थांबा. तो शेतकरी वाटतो तितका साधाभोळा नव्हता. त्याच्या खुर्चीचा पाय बघा. कपाटाचा पाय बघा. सरळ आहे का? नाही. वरून बाहेर आलाय, मध्ये आत वळलाय, खाली पुन्हा बाहेर. प्रोव्हान्समध्ये तर तळाशी गोगलगाईची गुंडाळी. हा पाय शेतात उगवलेला नाही, राजवाड्यातून आलाय. पंधराव्या लुईच्या दरबारात ही वळणं निघाली. पॅरिसच्या कारागिरांनी त्यावर महागडे लाकडी पापुद्रे आणि सोनेरी पितळ चढवलं. गावच्या सुताराने ते कुठेतरी पाहिलं, पापुद्रे आणि पितळ सोडून दिलं, गावातलंच अक्रोड किंवा ओक घेतलं आणि वळण तेवढं उचललं. झालं, गावभर फॅशन.

आणि एकदा उचललं ते सोडलंच नाही! पॅरिसमध्ये फॅशन बदलली. सोळाव्या लुईच्या काळात पाय पुन्हा सरळ झाले. मग क्रांती झाली. नेपोलियन आला, गेला, परत आला, परत गेला. गावचा सुतार मात्र एकोणिसावं शतक अर्धंअधिक उलटलं तरी तेच वाकडे पाय कोरत बसलेला. १७९३ मध्ये नातवाचं मुंडकं उडालं, आजोबांचे पाय मात्र टिकले.

आर्ल हे गाव या नक्षीकामात सगळ्यांच्या पुढे. तिथल्या बुफे-कपाटांच्या खालच्या पट्टीवर गव्हाची पेंढी कोरतील, ऑलिव्हची डहाळी कोरतील, द्राक्षं कोरतील, वाद्यं कोरतील, आणि मधोमध, अगदी मानाच्या जागी, सूपचं झाकणदार भांडं. सूपचं भांडं, अहो! ज्या कपाटात भांडी ठेवायची त्यावर भांडंच कोरलेलं. उमरावांच्या टेबलावर ते चांदीचं असायचं. मला तर दाट संशय आहे की चांदीचं परवडेना म्हणून अक्रोडाचं करून घेतलं. आणि हेही सांगून टाकते की हे सगळं प्रत्येक शेतकऱ्याकडे नव्हतं. गरिबाच्या घरात एक पेटी, एक बाक, भिंतीला चार खुंट्या. आज प्रदर्शनात दिसतं ते चार पैसे गाठीला असलेल्यांचं. म्हणजे शेतकऱ्यांतही जो शेजाऱ्याला जळवू शकत होता, त्याचं. आपण 'साधं ग्रामीण सौंदर्य' म्हणून ज्याच्यापुढे मान डोलावतो, तो त्या काळचा शोऑफ आहे.

गावकऱ्याने राजाची नक्कल केली ही अर्धी भानगड. उरलेली अर्धी व्हर्सायला.

१७८३ मध्ये मारी आंत्वानेतला खेड्याची हौस आली. राणीच ती, खेड्यात जाण्याऐवजी तिने खेडंच बागेत मागवलं. रिशार मीक या वास्तुरचनाकाराने तळ्याच्या काठाने गवताच्या छपरांची घरं, पाणचक्की, दूधघर, मनोरा, सगळं उभं केलं. आता कान द्या. या नव्याकोऱ्या घरांच्या भिंतींवर चित्रकारांकडून तडे रंगवून घेतले. उखडलेला गिलावा रंगवला. जुन्या, पडायला आलेल्या भिंती वाटाव्यात म्हणून! सँडपेपरवाल्या मंडळींनी आपल्या कुलदेवतेचा फोटो लावायचा असेल तर तो हा. आणि आत? आत राणीच्या घरात रेशीम, संगमरवर, बिलियर्डचं टेबल. बाहेरून झोपडी, आतून महाल. रोज तिथे राणी दूध काढत बसायची वगैरे ज्या कथा चालतात त्या जरा जपून ऐकाव्यात. पण शेत खरं होतं, गाई खऱ्या होत्या आणि दूधदुभतं वाड्यावर जात होतं.

दुधाचा विषय निघालाच आहे तर मुलांना बाहेर पाठवा. सोळाव्या लुईने राणीसाठी रांबूइए इथे आणखी एक दूधघर बांधलं. दूध चाखायला सेव्रच्या कारखान्यातून चिनी मातीची भांडी बनवून घेतली. त्यांतला एक वाडगा थेट स्त्रीच्या स्तनाच्या आकाराचा, तीन बकऱ्यांच्या मुंडक्यांच्या तिवईवर ठेवलेला. लोक लगेच कुजबुजायला लागले की साचा म्हणे खुद्द राणीच्या अंगावरून घेतलाय. त्याला काडीचा पुरावा नाही. पण वाडगा आहे, आणि सेव्रच्या भांड्यांच्या नोंदींत तो सापडतोही. ग्रामीण साधेपणाची हौस कुठपर्यंत जाते बघा.

आता पडदे, उशा, रजया. 'फ्रेंच कंट्री' म्हटलं की लाकडाच्या आधी डोळ्यांपुढे येतं ते छापील सुती कापड: पिवळ्यावर निळी फुलं, लालवर बारीक बुट्ट्या, कडेला कोयरी. अगदी अस्सल प्रोव्हान्सचं! तर मंडळी, ते अस्सल प्रोव्हान्सचं नाही. ते आपलं आहे. फ्रेंच लोक त्याला आजही 'अँदिएन' म्हणतात, म्हणजे भारतीय. आरोपीने स्वतःच आपल्या तोंडाने नाव घेतलंय, यापरता पुरावा तो काय?

सतराव्या शतकात कोरोमंडलच्या किनाऱ्यावरून आणि सुरतेकडून हे छापील, रंगवलेलं सुती कापड जहाजांनी आणि व्यापाऱ्यांच्या हातून मार्सेय बंदरात उतरायला लागलं आणि फ्रेंच वेडे झाले. कारण काय? कापड हलकं, रंग झळझळीत, आणि धुतलं तरी रंग जात नाही. हे शेवटचं त्यांना जादूसारखं वाटे, कारण तिकडच्या छापील कापडाचा रंग पहिल्याच धुण्यात नदीला मिळत असे. १६६४ मध्ये फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी निघाली, माल वाढला, वेड वाढलं. १६७० मध्ये मोलिएरने उमराव बनायला निघालेल्या एका नवश्रीमंत वाण्याची टर उडवणारं नाटक लिहिलं, त्यात त्या वाण्याच्या अंगावर चढवला तो अँदिएनचाच झगा. शिंपी म्हणालाय की बडे लोक सकाळी हेच घालतात, एवढ्यावर गडी खूश! नाटकात टिंगल झाली की समजावं, फॅशन शिगेला पोचली.

मार्सेयवाल्यांनी मग घरीच छापायचा घाट घातला. १६४८ मध्येच तिथल्या पत्ते बनवणाऱ्या एकाने आणि ठसे कोरणाऱ्या एकाने मिळून हा धंदा सुरू केला होता. पत्ते! म्हणजे ज्या हातांनी बदाम-किलवर छापले त्यांनीच फुलं-कोयऱ्या छापायला घेतल्या. पुढे १६७२ च्या सुमारास आर्मेनियन कारागीर आणले, कारण त्यांना पूर्वेकडची विद्या थोडीफार ठाऊक होती. तरी अस्सल मालाची सर येईना.

इकडे लियोंचे रेशीमवाले आणि जागोजागचे लोकरवाले खवळले. आमच्या पोटावर पाय आला, असा टाहो त्यांनी राजाकडे फोडला. आणि १६८६ मध्ये चौदाव्या लुईने फर्मान काढलं: परदेशातून छापील सुती आणायचं नाही, देशात छापायचं नाही, ठसे फोडून टाका. ही बंदी उठली केव्हा? १७५९ मध्ये. त्र्याहत्तर वर्षं! या काळात फर्मानांवर फर्मानं निघाली. विकायचं नाही, नेसायचं नाही, घरात पडदा म्हणूनसुद्धा लावायचं नाही. चोरटा माल आणणाऱ्याला सरकारी गलबतांवर वल्ही मारायची शिक्षा. बायकांना रस्त्यात अडवून दंड. खिडकीत उभ्या दिसल्या आणि अंगात छापील झंपर होता म्हणूनही नोंद. शेजारणींच्या खिडक्यांवर नजर ठेवून सरकारदरबारी चहाड्या करायच्या! असली नोकरी त्या काळी होती आणि आपल्याकडच्या कित्येक गुणवंतांची ती हुकली, याचं वाईट वाटतं.

बंदीने झालं काय? व्हायचं तेच. कापडाचा भाव चढला, हौस दुप्पट झाली. आणि सगळ्यांत बहारीची गंमत आव्हिन्योंची. हे शहर त्या वेळी फ्रान्सच्या राजाचं नव्हतंच, ते पोपच्या मालकीचं. राजाचा कायदा तिथे चालेना. मग छापखाने तिथे बिनदिक्कत सुरू, आणि तिथून माल रातोरात फ्रान्समध्ये. खुद्द पोपच्या हद्दीत चोरट्या मालाचा कारखाना! १७३४ मध्ये फ्रान्स आणि पोप यांच्यात तह झाला तेव्हा कुठे तो बंद पडला. आणि पाद्रीबाबांनी काही मागे राहायचं ठरवलं नव्हतं. १७४२ मध्ये कर्दू नावाच्या जेझुइट धर्मगुरूने दक्षिण भारतातून एक लांबलचक पत्र पाठवलं. त्यात काय, तर कापड रंगवायची सगळी कृती: आधी कापडाला काय लावायचं, तुरटी केव्हा, मुळ्यांचा लाल रंग कसा, मेण कुठे, निळीत केव्हा बुडवायचं. हे त्याला सांगितलं कोणी? त्याच्याच हाताखाली नव्याने ख्रिस्ती झालेल्या रंगाऱ्यांनी. लोक कबुलीजबाबाला येतात ते पापं सांगायला. इथे धंद्यातली गुपितं सांगून मोकळे झाले. त्याच्या काही वर्षं आधी बोल्यू नावाच्या एका फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने पाँडिचेरीत रंगकामाच्या प्रत्येक टप्प्याचा कापडाचा तुकडा कापून जपून ठेवला होता आणि शेजारी टिपणं लिहिली होती. ते तुकडे आजही पॅरिसमध्ये आहेत. याला अभ्यास म्हणावं की हेरगिरी, हे कोण कोणाच्या बाजूने बोलतंय त्यावर.

आणि राजवाड्यात? पंधराव्या लुईची लाडकी मादाम द पोंपादूर आपल्या बेलव्ह्यूच्या वाड्यात अँदिएन लावून बसली होती. बंदी चालू असताना! राजाच्या मैत्रिणीच्या खिडकीकडे बघायची कोणत्या शिपायाची हिंमत? शेवटी १७५९ मध्ये सरकारने हात टेकले.

पुढच्याच वर्षी, १७६० मध्ये, ओबेरकांफ नावाच्या जर्मन मुलखातून आलेल्या पोराने व्हर्सायजवळ झुई-आं-झोझास या गावी कारखाना काढला. पोरगं कमालीचं हुशार. शेजारी राजवाडा, म्हणजे गिऱ्हाईक दारात; शेजारी ब्येव्ह्र नदी, म्हणजे धुण्याला पाणी. छापायला लागणारं कोरं कापड पुष्कळदा भारतातलंच. याच कारखान्यातली ती पुढे गाजलेली 'त्वाल द झुई': पांढऱ्यावर एकाच रंगात, लाल किंवा निळ्यात, मेंढपाळ, झोके घेणाऱ्या पोरी, पडके खांब, कुत्री, बदकं. १७८३ मध्ये ओबेरकांफने झां-बातिस्त ह्यूए या चित्रकाराकडून एक नमुना काढून घेतला, त्यात मेंढपाळांऐवजी कारखान्याचीच कामं: धुणारे, वाळवणारे, छापणारे. स्वतःच्या फॅक्टरीची जाहिरात लोकांनी विकत घेऊन पलंगाभोवती लावली! त्याच साली राणीचं खेडं सुरू झालं, त्याच साली कारखान्याला राजमान्यता मिळाली. सालच तसं होतं बहुतेक.

हे ऐकून कोणी म्हणेल, चला तर, आपलं ते आपण परत घेऊ. घ्या की! तारास्कोंच्या सूलेयादो कंपनीकडे जुन्या छपाईच्या लाकडी ठशांचा मोठा साठा आहे. १९३९ मध्ये शार्ल देमेरी या गृहस्थाने तो धंदा हाती घेऊन नावारूपाला आणला. त्यांच्या टेबलक्लॉथवरची कोयरी बघून आपल्याकडच्या एखाद्या आजी सहज म्हणतील की हे तर माझ्या पातळाचे काठ. किंमत ऐकल्यावर मात्र आजी पातळच बरं म्हणतील.

विसाव्या शतकात हे सगळं समुद्रापार कसं गेलं, त्यातही दोन-चार नावं घ्यायलाच हवीत. पहिला दोष कवीला. प्रोव्हान्सची भाषा जगवायला निघालेल्या फ्रेदेरिक मिस्त्रालने आर्लमध्ये घरगुती वस्तूंचं संग्रहालय काढलं आणि १९०४ मध्ये नोबेलचे पैसे मिळाले ते त्यातच घातले. नोबेलचे पैसे पेटारे, पाळणे, पावाच्या पिंजऱ्यांवर! त्याआधी, १८८८ मध्ये, त्याच आर्लमध्ये व्हॅन गॉगने आपल्या पिवळ्या घरासाठी बारा खुर्च्या घेतल्या होत्या. पैसे अर्थातच भावाचे. गवती बैठकीच्या, साध्यात साध्या खुर्च्या. चित्रकारांची वसाहत करायची, सगळे येतील, बसतील, असा बेत. आला एकटा गोगँ, आणि दोन महिन्यांत भांडून गेला. बाकीच्या खुर्च्या तशाच. त्यातल्या एकीचं चित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, आणि तसली खुर्ची आज हवी असेल तर दुकानदार तुम्हाला आधी ते चित्र दाखवतो आणि मग भाव.

न्यूयॉर्कला पिएर नावाच्या दोघांनी मिळून 'पिएर दे' हे दुकान काढलं, सूलेयादोचं कापड अमेरिकेत नेलं आणि १९८४ मध्ये 'फ्रेंच कंट्री' याच नावाचं जाडजूड देखणं पुस्तक काढलं. मग काय विचारता! कोंबडे आले. सूर्यफुलं आली. लॅव्हेंडरच्या जुड्या छताला लटकल्या. १९८९ मध्ये पीटर मेल या इंग्रज जाहिरातवाल्याने प्रोव्हान्समधल्या आपल्या घराच्या डागडुजीवर पुस्तक लिहिलं. ते इतकं खपलं की वाचक पत्ता शोधत घरापर्यंत पोचायला लागले. शेवटी गृहस्थ काही वर्षं अमेरिकेत पळून गेला. शांत गावाचं कौतुक करून त्याने स्वतःचीच शांतता घालवली. पुढे तो परतला, पण दुसऱ्या गावात.

हौशी मंडळींची पंढरी म्हणजे लील-सुर-ला-सोर्ग. नदीच्या फाट्यांवर वसलेलं, पाणचक्क्यांचं गाव, आणि जिकडे बघावं तिकडे जुन्या वस्तूंचे दुकानदार. रविवारी बाजार, ईस्टरला आणि ऑगस्टच्या मध्यावर मोठी जत्रा. परदेशी दलाल तिथून ट्रक भरभरून माल उचलतात. अक्रोडाची कपाटं, जस्ताचे हंडे, सुताराची जुनी कामाची टेबलं सगळं समुद्रापार. हल्ली सुताराचं टेबल सगळ्यांत मानाचं. त्यावर हातोडीचे घाव, करवतीच्या खुणा, शाईचे डाग. ज्या सुताराने ते वापरलं त्याने आयुष्यभर स्वतःच्या घरी तसलं टेबल येऊ दिलं नसतं.

नॉर्मंडीतल्या कपाटाची गोष्ट राहिलीच, आणि तीच खरी हृदयद्रावक. तिकडे मुलीच्या लग्नात ओकचं भलंमोठं 'आर्म्वार' द्यायची चाल होती. दारांवर कबुतरांची जोडी, फुलांची परडी, गव्हाच्या ओंब्या. आत मुलीचे पलंगपोस, टॉवेल, रुमाल घड्या घालून. कपाट पक्कं, पण खिळे-स्क्रूंवर नाही. लाकडी खुंट्यांवर जोडलेलं, त्यामुळे सगळं सुटं करून बैलगाडीतून सासरी जायचं. अमेरिकेने ते कपाट पाहिलं आणि म्हटलं, वा, यात टीव्ही मावेल! १९८०-९० च्या दशकांत टीव्ही असा पाठीला पोक असलेला, खोल डब्याचा. तो लपवायला खोल कपाट हवंच. मग काय, पाठीमागच्या फळीला वायरींसाठी भोक. कबुतरांच्या जोडीमागून बातम्या. ब्रिटनीतही तीच गत. तिथल्या एका खोलीच्या घरात थंडीपासून आणि लोकांच्या नजरेपासून वाचायला लाकडी कपाटातच पलंग असे, सरकत्या दारांचा, 'लि क्लो' नावाचा. कित्येकांनी त्याची दर्शनी फळी काढून तिचं भांड्यांचं नाहीतर टीव्हीचं कपाट केलं. नवराबायकोची खाजगी जागा, आणि तिथे आता हवामानाचा अंदाज.

पुढे टीव्ही सपाट झाला आणि भिंतीवर गेला. एका रात्रीत आर्म्वार बेकार. अमेरिकेत त्याचे भाव पडले, आणि फ्रान्समध्ये तर आधीच पडलेले होते, कारण तिथल्या तरुण मंडळींना ही काळीकभिन्न, छताला टेकणारी कपाटं नकोच आहेत. त्यांना हलकं, पांढरं, सुट्या भागांचं, खोक्यात मिळणारं फर्निचर हवं. लिलावात पणजीच्या लग्नाचं कपाट पुकारलं जातं तेव्हा हात वर जायला वेळ लागतो, आणि मिळणाऱ्या पैशांत त्याचं नुसतं लाकूडसुद्धा येणार नाही. वारस सांगतात, हवं तर फुकट न्या, पण तिसऱ्या मजल्यावरून उतरवायचं तुमचं तुम्ही बघा. लिफ्टमध्ये ते मावत नाही म्हणून हळहळत बसू नका. वरची कार्निस उचला, दारं बिजागऱ्यांवरून अलगद काढा, खुंट्या आतल्या बाजूने ठोका. अर्ध्या तासात जिन्याने खाली येतं. खुंट्या मात्र एका पिशवीत, कोणती कुठली ते खडूने लिहून. दोन सारख्या नसतात.